वळणावरची पायरी

१

आमचं दुकान फुटपाथच्या खाली आहे. चार-पाच पायऱ्या उतरून यावं लागतं आणि उंच माणसांना उतरताना मान वाकवावी लागते. छताला लागून एक आडवी, अरुंद खिडकी आहे. तिच्यातून रस्त्यावरचे पाय दिसतात, बाकी काही नाही. गुडघ्याच्या वरचं जग आमच्या वाट्याला आलेलं नाही. मामा त्या खिडकीला टीव्ही म्हणतो. दुकान मामाचं, हात माझे आणि गिऱ्हाइकांशी हुज्जत दोघांची, ही वाटणी फार जुनी आहे.

काम बूट-चपलांच्या दुरुस्तीचं. सकाळी यायचं, दिवा लावायचा, फळीवर येऊन पडलेले जोड उलटे करून मांडायचे. उलटे, कारण मला आधी तळ बघायची सवय आहे. माणसाच्या तोंडाकडे मी नंतर बघतो. समोरच्या इमारतीच्या पहारेकऱ्याचा फक्त उजवा बूट झिजतो, कारण दिवसभर तो त्याच पायावर भार देऊन उभा असतो. शाळेतल्या बाई चालतात कमी आणि वर्गात गर्रकन वळतात जास्त, म्हणून त्यांच्या चपलेचा अंगठ्याखालचा भाग आधी जातो. ही काही विद्या नव्हे. रोज तेच बघितलं की कुणालाही दिसेल.

व्यसनमुक्ती केंद्रातून सुटून आल्यावर मी परत याच स्टुलावर बसलो. दारू सुटली होती. तिची फार आठवण येत होती असंही नाही. उरला होता तो थकवा. घरभर पाहुणे धुडगूस घालून निघून जावेत आणि आवरायला एकट्यालाच मागे ठेवावं, तसा. लोक म्हणत, चेहरा उजळला हो तुझा. मी मान डोलवायचो. तुला स्वतःला कसं वाटतंय, असं मात्र कुणी विचारलं नाही, ते बरंच झालं. मला कसंच वाटत नव्हतं. सकाळी दाढी करताना समोर जो असायचा त्याच्याशी माझी नुसती तोंडओळख होती.

त्या दिवशी जोड उलटे करता करता तपकिरी, नाडीचे बूट हाताला लागले. डाव्याची टाच बाहेरच्या कडेनं तिरकी झिजलेली. उजव्याचं टोक खरवडलेलं, कशावर तरी पुन्हा पुन्हा आपटल्यासारखं. आत अंगठ्यापाशी हिरव्या चामड्याचं ठिगळ. हिरवं चामडं माझ्या हाती आयुष्यात एकदाच आलं होतं आणि त्याचा उरलेला तुकडा मी कुठे लावला ते मला पक्कं ठाऊक होतं.

बूट माझे होते. आणि मी ते केंद्रात सोडून आलो होतो.

२

केंद्रात एक रिवाज आहे. दाखल होताना पायात जे असेल ते काढून घेतात आणि रबरी सपाता देतात. घरी जायच्या दिवशी फाटकाजवळच्या मांडणीपाशी उभं करतात. तिथे सगळ्यांचे जोड ओळीनं ठेवलेले असतात. आपला आपण उचलायचा, हातात धरायचा, परत मांडणीवर ठेवायचा आणि म्हणायचं, "तू इथेच थांब." मग अनवाणी फाटकाबाहेर पाऊल टाकायचं आणि घरच्यांनी आणलेला नवा जोड घालायचा.

केंद्र चालवणारे गृहस्थ स्वतः एके काळी अट्टल पिणारे. आम्ही त्यांना मास्तर म्हणायचो. ते म्हणत, "जुना माणूस इथे राहतो, नवा बाहेर जातो. सोपं आहे. डोकं लावू नका."

कुणी रडत ठेवायचे, कुणी हसत. एकानं तर मांडणीवर भिरकावले आणि वर दोन शिव्या हासडल्या.

मला तिथे सगळे 'टाच' म्हणायचे, कारण बोलताना माझी नजर समोरच्याच्या टाचांवर जायची. जायच्या आदल्या दिवशी मी माझे बूट खाली काढून बघितले. टाच लोंबत होती, तळ उसवलेला. ते बूट मी स्वतः बनवलेले, लग्नाच्या वर्षी. तसे मोडके ठेवून जाणं मला जमेना. टाकायच्या बुटांची दुरुस्ती कोण करतो? दुसऱ्या कुणाला हे सुचलंही नसतं. पण बूट हातात आला की माझे हात आपोआप कामाला लागतात. मी हातोडी मागून घेतली, टाच ठोकून बसवली, मेण लावलेल्या दोऱ्यानं तळ शिवला, वर पॉलिशही केलं.

मास्तर दारात उभे होते. "हे काय करतोयस, टाच?"

"मोडके ठेवायला बरं नाही वाटत."

"अरे बाबा, त्यांनी चालू नये म्हणून तर इथे ठेवायचे ना?"

मला हसू आलं. मास्तरही हसले, पण जरा उशिरानं.

३

"मामा, हे कुणी आणून दिले?"

मामाच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसरा रांगेत आहे. त्यानं बूट नाकापाशी नेऊन बघितले. "कुणी म्हणजे? तूच की. मी शटर उघडलं तर तू बाहेर उभा. म्हणालास, टाच बघ जरा. मी म्हटलं, तूच बघ की, तुझ्या हातांना काय मेंदी लागलीय?"

"मग?"

"मग काय, ठेवलेस आणि गेलास. चहा प्यायला गेला असशील."

"मामा, मी आत्ता येतोय."

"हो, आत्ता परत आलास," मामा म्हणाला आणि त्यानं रेडिओचा आवाज वाढवला.

पीत होतो तेव्हा माझ्याबद्दलच्या बातम्या मला दुसऱ्यांकडूनच कळायच्या. काल तू अमुक बोललास, परवा तू तमुक ठिकाणी पडला होतास. मी खाली मान घालून ऐकायचो आणि मान्य करायचो, कारण नाही म्हणायला माझ्याजवळ काही नसायचं. ती जुनी सवय आत्ताही धावून आली. असेन आलो. असेन ठेवून गेलो. पण मग माझ्या लक्षात आलं, की आता मी पीत नाही. आता माझे दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत माझ्याजवळ असायला हवेत.

दुपारी मास्तरांना फोन लावला. विचारलं, माझे बूट मांडणीवर आहेत का.

"बूट?" ते म्हणाले. "ते तू दुसऱ्याच दिवशी येऊन घेऊन गेलास. मी म्हटलं, नेऊ नकोस, नेत नाहीत. भिंत धरून धरून चालत होतास. मला वाटलं, झालं, पहिले पाढे पंचावन्न." मग ते म्हणाले, "पण वास नव्हता रे. मी मुद्दाम जवळ आलो होतो. कसलाच वास नव्हता."

मी फोन ठेवला. मी घाबरलो होतो, पण बुटांमुळे नव्हे. मी परत प्यायला लागलो असेन आणि मलाच ते माहीत नसेल, तर माझं घर गेलं. बायकोनं मला घरात घेतलं होतं ते एकाच बोलीवर. पुन्हा एकदा जरी तसे आलात, तर दार उघडणार नाही.

४

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. जिना दगडी, अंधारा. शेवटच्या वळणावरची एक पायरी बाकीच्यांपेक्षा बोटभर उंच आहे. बांधणाऱ्याची चूक. सवयीच्या माणसाचा पाय तिथे आपोआप वर उचलला जातो. प्यायलेल्याचा अडतो. उजव्या बुटाचं टोक दगडावर आपटतं आणि तो ठक् आवाज बंद दारातून आत येतो.

इतकी वर्षं माझ्या घरातली संध्याकाळ त्या एका आवाजावर टांगलेली होती. मी कामावरून यायच्या वेळेला बायको हातातलं काम थांबवून कान लावायची. ठक् झालं की मुलगी पुस्तकं गोळा करायची आणि आतल्या खोलीत जाऊन कडी लावायची. हे मला पुष्कळ उशिरा, केंद्रातल्या एका भेटीत कळलं. बायकोनं सांगितलं, तेव्हा ती रागावलेली नव्हती. दमलेली होती.

आता मी शुद्धीत येतो. पायरीवर पाय बरोबर उचलतो. आणि तरी घरात कुणाचा जीव भांड्यात पडत नाही, कारण मी आलेलो त्यांना ऐकूच येत नाही.

"अगं बाई!" त्या संध्याकाळी बायको एकदम दचकली. तिच्या हातातला पेला खाली पडला. "कधी आलात?"

"आत्ताच."

"मी कान लावून बसलेय केव्हाची. जिन्यावर काही वाजलं नाही."

"रबरी तळ आहे ना," मी म्हटलं.

ती जवळ आली. मी न सांगता तोंड उघडलं. हे आमचं रोजचंच होतं. तिनं वास घेतला, मान हलवली आणि पेला उचलायला वळली. मुलगी आतल्या खोलीच्या दाराला टेकून बसली होती, पुस्तकं मांडीवर धरून, केव्हाही उठता येईल अशी. मी आल्यापासून ती तिथेच बसते. तिला ठक्ची भीती वाटते आणि ठक् न होता मी समोर उभा राहिलो की त्याहून जास्त वाटते.

आणखी एक. लग्नाआधीपासून बायको मला अरे-तुरे करायची. भांडताना तर फारच. केंद्रातून आल्यापासून ती मला अहो-जाहो करते. मी एकदा गमतीनं म्हटलं, इतका मान कशाला? ती गोंधळली. म्हणाली, "माहीत नाही. तोंडातून तसंच येतं."

झोपताना ती म्हणाली, "वाजणारे बूट घाला ना. मला ऐकायचंय. तुम्ही त्या पायरीवरून न अडखळता येताय, हे मला एकदा माझ्या कानांनी ऐकायचंय. मग मी काही विचारणार नाही."

५

तपकिरी बुटांना मी टाच बसवली. का, ते विचारू नका. दुरुस्तीला आलेला जोड तसाच परत करायचं मी शिकलेलो नाही. टाच बसवली, खरवडलेल्या टोकाला चामड्याचं मलम लावलं, बूट कपाटात ठेवले आणि कुलूप घातलं. किल्ली खिशात.

मग स्वतःसाठी नवे बूट करायला घेतले. जाड चामड्याचा तळ, टाचेला लोखंडी नाल. असा नाल ठोकलेला माणूस पलीकडच्या गल्लीतून येताना कळतो. मामानं बघितलं आणि म्हणाला, "घोडं ठेवलंयस काय कुठे?" पण तळ वळवायला त्यानं मदत केली. कितीतरी दिवसांनी मला कामात गोडी वाटली. कडेला मेण घासून मी अशी चकाकी आणली की त्यात दिवा दिसत होता.

बूट झाले, त्या संध्याकाळी मी ते घालून घरी निघालो. नाल वाजत होते. म्हणजे मला ऐकू येत होते. जिना चढताना मी मुद्दाम पाय आपटले, वळणावर पाय नीट उचलला, दार वाजवलं.

बायकोनं दार उघडलं आणि पुन्हा दचकली. "आज तरी वाजणारे बूट घालून यायचं होतंत," ती म्हणाली.

मी खाली बघितलं. बूट पायातच होते. तिनंही बघितलं. मग ती ताटं वाढायला वळली. जेवताना मुलीनं एकदा टेबलाखाली वाकून माझ्या पायांकडे बघितलं, एवढंच.

दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर ते रिकामं होतं. कुलूप जागच्या जागी, किल्ली खिशात.

"मामा, तपकिरी जोड?"

"घेऊन गेलास की," मामा म्हणाला. "बरा दिसत होतास. जरा रंग आला होता तोंडावर."

६

ते बूट परत आले. जात राहिले आणि येत राहिले. दर खेपेला मामा म्हणायचा, तूच ठेवलेस. दर खेपेला मी ते उलटे करून दिव्याखाली धरायचो.

आणि झीज बदलत होती. पहिल्यांदा डावी टाच तिरकी होती, भिंत धरून चालणाऱ्याची. पुढच्या खेपेला तिरकेपणा कमी. नंतर अगदी नखाएवढा. उजव्या टोकावर नवे ओरखडे येणं आधी कमी झालं, मग थांबत आलं. तो जो कोण होता तो सरळ चालायला शिकत होता.

माझे नवे बूट मी उलटे करून बघितले ते एका दुपारी, सहज. सहज असं म्हणतो, पण कितीतरी दिवस मी ते बघायचं टाळत होतो. रोज घरून दुकानात, दुकानातून घरी, खडीच्या रस्त्यानं, दगडी जिन्यावरून मी ते घातले होते. नालावर एक रेघ नव्हती. मेणाची चकाकी तशीच होती, तिच्यात दिवा दिसत होता. तळावर मामाच्या अंगठ्याचा डाग होता, तोही पुसला गेला नव्हता. गिऱ्हाइकानं असा जोड आणला असता तर मी म्हटलं असतं, दादा, आधी घाला तरी.

मी स्वतःला समजावलं. चांगलं चामडं आहे. हलका चालत असेन. केंद्रात वजन उतरलंय. माणसाला समजूत घालायला कारणं कमी पडत नाहीत. पिणाऱ्याला तर मुळीच नाहीत. पण टाचा बघण्यात माझी हयात गेलीय. रोज सकाळी उठून न पिण्याचं काम मी करत होतो. संध्याकाळी दारूच्या दुकानावरून मान खाली घालून मी जात होतो. आणि झीज त्याची सरळ होत होती.

मी डोकं वर केलं, तर खिडकीबाहेर ते बूट उभे होते.

भर दुपार होती. उन्हात पायच पाय चालले होते आणि त्यांच्यामध्ये ते दोन थांबलेले. टोकं काचेकडे. डाव्या नाडीला दुहेरी फेरा, कारण तिथलं एक भोक फाटलेलं आहे आणि मी तशीच बांधायचो. आत बघायला कुणी वाकलं असतं तर चेहरा दिसला असता. कुणी वाकलं नाही. पँटचा रंग कोणता ते बघायचं मी टाळलं. मी स्वतः त्या दिवशी काय घातलं होतं तेही मी बघितलं नाही.

"टीव्हीवर काय लागलंय?" मामानं झोपेतून विचारलं.

"काही नाही."

बूट वळले आणि चालू लागले. माझ्या घराच्या बाजूला.

७

ते पुन्हा आले तेव्हा मी मनाशी ठरवलं. बायकोला आवाज ऐकायचाय ना, मग हेच घालून जातो. माझेच तर आहेत.

बूट हातात घेतला की कुठे खिळा वर आलाय का ते बघायला आत हात घालायचा, ही या कामातली पहिली सवय. मी हात घातला आणि झटकन बाहेर काढला. आत ऊब होती. नुकता कुणी पाय काढल्यावर असते तशी ओलसर ऊब. मामा तिकडे डबा उघडत होता. दुकानात दुसरं कुणी नव्हतं.

मी मन घट्ट करून पाय घातला. पाय आत गेला. पण जुन्या बुटात पायाची बोटं चामड्यावर आपापली जागा करून ठेवतात, खळगे पडतात. ते खळगे मी कितीतरी वर्षं रोज पायांखाली दाबले होते. माझी बोटं त्यांत बसेनात. कुठे अर्धं बोट पुढे, कुठे मागे. दुसऱ्याच्या अंथरुणात झोपल्यासारखं वाटलं. मी उभा राहिलो, एक पाऊल टाकलं आणि बूट मागेच राहिला.

तेव्हा मला राग आला. केंद्रात मला पुष्कळ सांगितलं होतं, राग आला की दीर्घ श्वास घ्या. मी श्वास घेतला नाही, चामडं कापायची सुरी घेतली. तळ मधोमध चिरायचा आणि विषय संपवायचा. मास्तरांनी म्हटलं होतं ना, त्यांनी चालू नये म्हणून. मी बूट उलटा करून मांडीवर दाबून धरला.

उजव्या बुटाचं टोक माझ्याकडे होतं. त्याच्यावर नवा एकही ओरखडा नव्हता. मी मलम लावून घासलं होतं, अगदी तसंच होतं ते, फक्त रस्त्याची थोडी धूळ बसलेली. म्हणजे तो त्या पायरीपर्यंत गेला असेल, तर अडखळला नव्हता. आणि बाजूला आडव्या पडलेल्या डाव्याची टाच झिजली होती ती दोन्ही कडांनी सारखी. चांगल्या, शांत, घरी चाललेल्या माणसाची झीज. मी ती हजार जोडांवर बघितली आहे. स्वतःच्या जोडावर कधीच नाही.

माझ्यानं सुरी चालवेना. मला रडू आलं आणि ते थांबवायची ताकदही नव्हती. मामा डबा तसाच ठेवून जवळ आला, त्यानं माझ्या पाठीवर हात ठेवला. मग हात उचलून पुन्हा ठेवला, पहिल्यांदा नीट ठेवला गेला नाही असं वाटून.

"घरी जा आज लवकर," तो म्हणाला.

मी आधी टाच बसवली. मग बूट फळीवर ठेवले आणि घरी गेलो.

८

बायकोनं दार उघडलं. तोंडाचा वास घ्यायला ती विसरली, किंवा तिला गरज वाटली नाही. मी खिडकीजवळच्या खुर्चीत बसलो. बाहेर उजेड होता अजून. मुलगी आतल्या दाराला टेकून गणितं करत होती. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. घरात इतकी शांतता होती की घडीवर हात फिरल्याचा आवाजही येत होता. मला वाटलं, हेच तर हवं होतं. इथेच बसून राहावं.

मग खाली जिन्यावर पाऊल वाजलं.

बायकोचा हात घडीवर थांबला. मुलीनं पेन्सिल उचलून धरली. मी त्यांचे चेहरे बघत होतो. किती वर्षं या दोघी अशा ऐकत बसल्या होत्या, ते मी पहिल्यांदाच या बाजूनं बघत होतो.

पावलं वर येत होती. चामड्याचा तळ, डावा जरा जड. ती चाल मी ओळखली. तिघांनीही ओळखली. पहिला मजला. दुसरा. मुलीनं पुस्तकं छातीशी धरली आणि ती अर्धवट उठली. पावलं वळणापाशी आली आणि तिथे थांबली.

मीही कान लावला होता. खोटं कशाला सांगू, मी मनातल्या मनात म्हणत होतो, उचल. पाय उचल.

पाय उचलला गेला. ठक् झालं नाही. पुढची पायरी, त्याच्या पुढची, आणि मग दारापर्यंतची सपाट फरशी.

"आई," मुलगी म्हणाली, "नाही अडखळले."

ती परत खाली बसली. पुस्तकं तिनं जमिनीवर ठेवली, सगळी, पसरून. बायकोनं डोळ्यांना पदर लावला. मी केंद्रातून आल्यापासून तिचे खांदे कानांपाशी चढलेले असायचे. ते खाली आले. तिच्या जिवाला पडलेला पीळ सुटताना मी डोळ्यांनी बघितला आणि मला इतकं बरं वाटलं की क्षणभर मी कुठे बसलोय ते विसरलो.

दार वाजलं. दोनदा, थांबून एकदा. मी वाजवतो तसं.

बायको उठली. दाराकडे जाताना ती थांबली आणि तिनं वळून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत भीती नव्हती, रागही नव्हता. बसून राहिलेला पाहुणा आता उठेल का, असं घरातली बाई बघते तशी ती बघत होती. संकोचानं.

मी उठलो. ती दरवाजा उघडत असताना मी भिंतीला चिकटून उभा राहिलो. उंबऱ्याबाहेर तपकिरी बूट होते. नाडीला दुहेरी फेरा. त्यांच्यावर पँट होती, आणि ती माझीच होती. नजर वर न्यायचा मला धीर झाला नाही.

"आलास?" बायको म्हणाली.

९

हल्ली मी दुकानातच असतो. मामा कधी म्हणतो, घरी जा रे, किती काम करशील. मग स्वतःच म्हणतो, अरे, आत्ता तर गेलास. त्याच्या दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन झालंय. त्यानं काही फरक पडलेला नाही.

माझे नाल ठोकलेले बूट मी एका गिऱ्हाइकाला दिले. नवेच होते. मला आता काही लागत नाही. प्यावंसं वाटत नाही, थकवाही पूर्वीइतका राहिला नाही.

सकाळी शाळेच्या वेळेला खिडकीतून तपकिरी बूट जातात. त्यांच्या बाजूनं छोटे काळे बूट असतात. पूर्वी रस्त्यानं चालताना ते माझ्यापासून चांगले हातभर लांब चालायचे. आता अगदी खेटून चालतात. एकदा ते छोटे बूट खिडकीपाशी थांबले, टोकं काचेकडे वळली. मी स्टुलावरून उठलो. मोठे बूट पुढे जाऊन थांबले होते, मग छोटे धावत त्यांना गाठायला गेले.

तपकिरी जोड अधूनमधून फळीवर येतो. मी तो उलटा करून दिव्याखाली धरतो. टोकावर ओरखडा आहे का ते आधी बघतो. नसतो. मग जुनी टाच काढतो, नवी बसवतो, खिळे आत पुरते बुडेपर्यंत ठोकतो, कड घासून सारखी करतो. घाई करत नाही. त्याला तिसऱ्या मजल्यापर्यंत जायचं असतं.